दोरीच्या या टोकाला तात्या

आमच्या शेजारच्या रंगनाथतात्यांना ताणलेली कुठलीही वस्तू दिसली की ते तिला टिचकी मारतात. मग मान तिरपी करून ऐकतात. मग निकाल देतात.

कपडे वाळत घालायची दोरी असो, कुंपणाची तार असो की भाजीवाल्याच्या टेम्पोवरची ताडपत्री, सुटका कुणाचीच नाही. कबीर, मागच्या सुट्टीत तू आजीकडे केडगावला आला होतास तेव्हा तुझ्या चड्डीच्या इलॅस्टिकला टिचकी मारून "हे आठ दिसांचं सोबती हाय" असं ज्यांनी सांगितलं, तेच हे तात्या. सहाव्या दिवशी बाजारात काय झालं ते तुला आठवत असेलच. मी इथे लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू होती, नवरा-नवरीच्या मध्ये दोघांनी अंतरपाट धरला होता, आम्ही हातात अक्षता घेऊन उभे. तात्या गर्दीतून वाट काढत थेट पुढे गेले आणि अंतरपाटाला टिचकी मारली. गुरुजी थांबले.

"झोळ पडलाय," तात्या म्हणाले. "डावीकडच्यानं जरा वढा."

"अहो बाबा, मुहूर्त चाललाय!" नवरीचा मामा ओरडला.

"मुहूर्त चाललाय, पन नवरीला नवरा दिसतोय. मग पडदा धरलाय कशाला?"

नवरी फिसकन हसली, म्हणजे तिला खरंच दिसत होता. डावीकडच्यानं मुकाट्यानं ओढलं. गुरुजींनी पुढचा श्लोक उचलला.

तात्यांनी उभी हयात विजेच्या तारांवर काढली. राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवराच्या उसाच्या पट्ट्यात ते वायरमन होते. आता सत्तरी ओलांडली, तरी तळहात असे की त्यावर काडी ओढली तर पेटेल. तार उन्हाळ्यात लांबते आणि थंडीत आखडते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तात्यांनी ते बोटांनी वाचलेलं. म्हणून वैशाखात तार ओढताना ती थोडी सैल सोडायची असते. एकदा एका तरुण ठेकेदाराला त्या लोंबत्या तारा बघवेनात. "बाबा, फोटोत वाईट दिसतंय, ताठ करा," तो म्हणाला. तात्या खांबावरून उतरले आणि लिंबाखाली जाऊन बसले. "मी न्हाई वढनार. थंडीत रडंल ती." ठेकेदारानं त्या दुसऱ्याकडून ओढून घेतल्या. पौषात त्यातल्या दोन तुटल्या. ही गोष्ट सांगताना तात्या "मी म्हनलं नव्हतं का" असं कधी म्हणत नाहीत. "बिचारी तार," एवढंच म्हणतात.

कारखाने सुरू झाले की पुणे रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, गाणी ठणाणा. तात्या हात आडवा करून ट्रॅक्टर थांबवतात. ड्रायव्हर शिव्या देतो. तात्या शांतपणे मोळ्यांवरच्या दोराला टिचकी मारतात. "पुढल्या वळनावर सांडनार तू. आवळ." बहुतेक जण आवळतात. एकजण "सरका ओ म्हातारबाबा" म्हणून गेला होता. पुढल्या वळणावर अर्ध्या गावानं ऊस खाल्ला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात तुझ्या बहिणीनं, इरानं, फोनवर विचारलं, "आजी, स्ट्रेसला मराठीत काय म्हणतात?" तिच्या रविवारच्या मराठी शाळेत गृहपाठ होता: 'ताण' या शब्दाचे समानार्थी शब्द लिहा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा. मी शब्दकोश काढला, वहीत रेघा आखल्या आणि अंगणात उभी राहून तिला वाचून दाखवलं. तणाव, दाब, ओढ, खेच, भार, दडपण. फोन ठेवला तर कंपाउंडच्या भिंतीवर तात्यांचं डोकं.

"बाई, हे समदे सारखे हायेत आसं कुनी सांगितलं?"

"शब्दकोशात आहे, तात्या."

"लिहिनारा कधी खांबावर चढलाय का?"

मी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असं फळ्यावर कितीदा लिहिलं असेन. त्या दुपारी तात्यांनी मला गल्लीतून हिंडवून ते सगळं पुसून टाकलं.

"दाब वरनं येतो," ते म्हणाले आणि माझ्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. "भार बसतो आन् उठून जातो. तो बगा कावळा. बसला, तार वाकली. उडाला, संपलं. वढीला मातर दोरी लागत न्हाई." गल्लीच्या टोकाला गोठा आहे. तिथे वासरू दाव्याला बांधलेलं आणि गाय पलीकडे. "ह्याचं दावं सैल हाय का न्हाई? तरी मान तिकडंच. ही वढ."

"पण पावसानं ओढ दिली असंही म्हणतात की," मी म्हटलं.

"म्हंत्यात. पाऊस तितंच ऱ्हातो, जीव आपला फुडं जातो."

मी लिहून घेत होते. गाईची कास दुधानं तटतटली होती, तो शब्द मिळाला. कुंपणाच्या दोरीचा पीळ मिळाला. मग वासरानं एकदम झटका दिला, मी दचकले, तात्या खूश झाले. "हा हिसका. ध्यानात ठिवा. बेताच्या तानानं तार तुटत न्हाई, बाई. वर्सानुवर्सं सोसती. तुटती ती हिसक्यानं."

"आणि मग ताण म्हणजे काय?"

त्यांनी माझ्या पिशवीचा एक बंद माझ्या हातात दिला, दुसरा आपण धरला आणि मागे सरकले. पिशवी मध्ये ताठ झाली. मग त्यांनी आपलं टोक सोडलं. पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटली.

"गेला का न्हाई? तुमी तर सोडलं नव्हतं. तानाला दोघं लागत्यात."

माझी तीन पानं भरली. मी चौथं उलटत होते, तेवढ्यात चार वाजले आणि तात्या वाक्य अर्धं टाकून घराकडे चालू लागले. मला तेव्हा जरा राग आला. पुरं न केलेलं वाक्य मला सहन होत नाही.

घरात त्यांच्या कौसल्याबाई असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो. त्याआधी त्या आमच्या गल्लीतल्या सगळ्यात बोलक्या बाई होत्या. त्यांचं बोलणं इतकं घट्ट विणलेलं असे की त्यात टिचकी मारायलासुद्धा तात्यांना जागा सापडत नसे. आता त्या खिडकीजवळच्या कॉटवर असतात, आणि त्यांचं सगळं तात्या करतात.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाचा, संदीपचा, पुण्याहून फोन आला. तो माझा विद्यार्थी. मुलगा चांगला आहे, आईबापांवर जीव आहे.

"बाई, तुम्ही तात्यांना समजवा," तो म्हणाला. "रविवारी मी येतोय. दोघांना घेऊन जातो. आम्ही दोघंही नोकरीला, म्हणून आईची सोय घराजवळच्या एका केंद्रात बघितलीय, तिथे चोवीस तास नर्स असते. तात्या आमच्याकडे राहतील. रोज संध्याकाळी भेटून येतील तिला."

"म्हणजे दोघं दोन ठिकाणी?"

"मग काय करू, बाई? आईला बोलता येत नाही. तात्या गल्लीभर टिचक्या मारत हिंडतात, असं मला लोक सांगतात. तिला काही लागलं तर कळणार कसं?"

त्याचं म्हणणं मला पटलं. मी पाच मुद्दे कागदावर काढले आणि तात्यांकडे गेले. ते ओट्यावर आपल्या खुर्चीत, घराकडे पाठ करून बसले होते. त्यांनी पाचही मुद्दे ऐकले. मग माझ्या कागदाच्या कडेला टिचकी मारली.

"लई ताठ हाय," ते म्हणाले.

"तात्या, थट्टा नको. कौसल्याबाईंच्या सोयीसाठी म्हणतोय तो."

"मग ती म्हनली तर जाऊ की."

"त्या कशा म्हणतील? त्यांना बोलता—"

"रविवारी बगू," तात्या म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. पण खुर्चीच्या हातावरचं त्यांचं बोट आखडलं होतं, ते मला दिसलं.

त्या बोटाजवळ एक दोरी होती. तिच्याबद्दल आधीच सांगायला हवं होतं. कौसल्याबाईंच्या खिडकीतून एक पांढरी दोरी बाहेर येते, भिंतीवरच्या चार लोखंडी कड्यांतून जाते आणि ओट्यावर तात्यांच्या खुर्चीपाशी संपते. ती तिथे तीन वर्षं आहे. सुरुवातीला मी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले होते, "येल चढवायचाय." वेल काही कधी आला नाही. कुणी विचारलं की तेच उत्तर: येल चढवायचाय. गल्लीनं समजून घेतलं की म्हातारा बी पेरायचं विसरला.

अर्धवट राहिलेली कामं मला बघवत नाहीत. म्हणून श्रावणात मीच खिडकीखाली, तात्यांच्या पाठीमागे येईल असं, त्या दोरीच्या बुडाशी दोडक्याचं बी लावलं. तात्यांना सांगितलं नाही, म्हटलं, अचानक वेल दिसला की बरं वाटेल. रोज भिंतीवरून पाणी घालत होते.

शुक्रवारी सकाळी तात्या माझ्या दारात. चेहरा लाल.

"बाई, तुमचा दोडका लबाड हाय."

"काय केलं त्यानं?"

"सकाळधरनं सा बारी उठीवलं मला. सा बारी आत गेलो. ही म्हनती, मी न्हाई बोलावलं. सातव्या बारीला चिडली. मग बगितलं, तर तुमचा दोडका लटकलाय दोरीला. वारं आलं की वढतोय!"

"ही म्हणते?" मी विचारलं.

तात्यांनी जीभ चावली. मग म्हणाले, "या."

वेलाचा एक तंतू दोरीला तीन वेढे घालून बसला होता. तात्यांनी तो सोडवला, एक-एक वेढा, न तोडता. इतक्या जाड बोटांना ते कसं जमलं मला कळलं नाही. मग वेलाला शेजारी वेगळी काठी रोवून दिली. आणि मग मला सांगितलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक फास आहे, आणि तो कौसल्याबाईंच्या डाव्या हातात असतो. हे टोक तात्यांच्या बोटाला. पाणी हवं तर एक ओढ. कूस बदलायची तर लांब ओढ, सावकाश. ऊन डोळ्यावर आलं, उशी सरकली, बाहेर कोण आलंय, भाजीत मीठ जास्त झालं होतं, सगळं वेगवेगळं. चिडल्या की हिसका. "हिसके लई," तात्या म्हणाले. "सभाव काय जातोय व्हय?"

"अहो, मग लोकांना सांगत का नाही? वेल काय, बिल काय!"

"हिला आवडत न्हाई. लोक म्हंतील, बाईला दोरी बांधली." मग आपलं बोट वर करून म्हणाले, "तिला कुटं बांधलीय? मला बांधलीय."

गल्लीत ते हिंडतात ते दुपारी दोन ते चार, कौसल्याबाई ताणून देतात तेव्हा. इरा, हाही उपयोग लिहून ठेव. ताणून देणे म्हणजे निवांत झोपणे. आणि त्या अर्ध्या वाक्याचा माझा राग तिथेच गेला. घरी येऊन मी पाच मुद्द्यांचा कागद फाडला.

रविवारी संदीप आला तो गाडी घेऊनच. मागच्या सीटवर गादी अंथरलेली. चहा झाला. तात्या म्हणाले, "तू आत जा, आईपाशी बस. मी हितंच ओट्यावर बसतो. बाई दारात उभ्या ऱ्हातील. ती काय म्हनती ते मी सांगतो."

"तात्या, हा काय खेळ आहे का?"

"जा तर."

मी दारात उभी राहिले. एका बाजूला आत संदीप आणि कौसल्याबाई, दुसऱ्या बाजूला ओट्यावर तात्यांची पाठ. त्यांना आतलं काही दिसणं शक्य नव्हतं. कौसल्याबाईंनी लेकाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बोट हललं.

"म्हनती, वाळलास," बाहेरून आवाज आला.

"हे तर कुणीही सांगेल!" संदीप ओरडला.

पुन्हा बोट हललं, दोनदा.

"इचारती, दोन घास खाऊन निगाला का तसाच."

"तात्या, हे तुम्हीच बोलताय. आई नाही."

कौसल्याबाईंनी असा हिसका दिला की पहिली कडी वाजली.

"ह्याचं मी भाषांतर करत न्हाई," तात्या म्हणाले. "तुज्या लहानपनी ऐकलंयस तू."

संदीपला हसू आलं, पण तो मागे हटला नाही. तो आईच्या कानाशी वाकला आणि अगदी हळू काहीतरी बोलू लागला. मी दोन हातांवर होते, मला ऐकू आलं नाही. तात्यांना तर नाहीच. कौसल्याबाई ऐकत होत्या. मग त्यांच्या हातातली दोरी सावकाश ताठ झाली, खूप सावकाश, आणि तशीच राहिली.

ओट्यावर तात्या उठून उभे राहिले. मागे वळले नाहीत.

"संद्या, काय सांगितलंस तिला?"

संदीपनं ताठ दोरीकडे बघितलं.

"ती रडती."

मी कौसल्याबाईंकडे बघितलं. आवाज नव्हता, चेहराही हलला नव्हता. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं. मी समोर उभी असून मला तोवर दिसलं नव्हतं.

"मी... मी तिला केंद्राचं सांगितलं," संदीप म्हणाला. "ती तिथे आणि तुम्ही आमच्याकडे, ते."

"सोडत न्हाई ती," तात्या म्हणाले. "बग तूच."

संदीपनं दोरीवर हात ठेवला. किती वेळ ठेवला मला सांगता येणार नाही. मग तो तिथेच कॉटजवळ फरशीवर बसला आणि आईचा तळवा गालाला लावून घेतला. मी दारातून निघून आले. तिथे उभं राहणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी गाडी आली तशी गेली, गादीसकट. सकाळी दोन तास मदतीला एक बाई यावी असं ठरलं. तात्यांनी एकच अट घातली: "तिच्या बोटाला अक्कल पायजे." दोन बायका त्यांनी नापास केल्या आहेत. तिसरी टिकेल असं वाटतं.

इराचा गृहपाठ मी पाठवला. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला शाबासकी दिली म्हणे, पण 'हिसका' समानार्थी नाही असा शेरा मारला. तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. त्येच तर सांगत हुतो."

परवा तात्यांना औषधं आणायला नगरला जायचं होतं. दुकानात फोन करून मागवता आली असती, पण गोळ्यांची पाकिटं ते स्वतः दाबून बघतात. भिंतीवरून हाक आली, "बाई, घंटाभर धरता का?"

मी त्यांच्या खुर्चीत बसले, दोरी बोटाला गुंडाळली. वही मांडीवर. पाण्याची ओढ कुठली, कुशीची कुठली, सगळं मी नीट लिहून घेतलं होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी दोरी हलली. फार हलकी, बोटावरून मुंगी गेल्यासारखी. वहीत अशी ओढ नव्हती. मी आत धावले. पाणी? नाही. उशी? नाही. कौसल्याबाईंनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी परत येऊन बसले. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. पुन्हा आत. खिडकी लावू का? नाही. तिसऱ्या वेळी मी जागची उठले नाही. मला वाटलं, उत्तर द्यावं. मीही तेवढीच हलकी ओढ दिली.

पलीकडून दोरी एकदम सैल झाली. चारही कड्यांतून ओघळून भिंतीला टेकली.

मी तशीच बसून राहिले. परीक्षेत कोरा कागद देऊन आलेल्या मुलासारखं वाटत होतं. तात्या आले ते पिशवी हातात, पायात चपला तशाच. त्यांनी आधी दोरीकडे बघितलं.

"किती झोळ पडू दिलात, बाई."

"तात्या, त्या काहीतरी मागत होत्या. तीनदा. अगदी हळू. वहीत नाही ते."

त्यांनी माझ्या बोटाचा वेढा सोडवून आपल्या बोटाला घेतला. इतर सगळ्या दोऱ्यांना ते टिचकी मारतात. हिला त्यांनी कधी मारलेली मी पाहिली नाही.

"मागत काय न्हाई ती," ते म्हणाले. "बगती, मी हाय का."

आणि त्यांनी बोट जरासं मागे घेतलं. क्षणभर काही झालं नाही. मग खिडकीपासून खुर्चीपर्यंत भिंतीला टेकलेली दोरी हळूच उचलली गेली.